अर्ध्या इंचाचं गणित

इचलकरंजीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका डॉक्टरांचं घर होतं. १९७९ च्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या मुलाला त्याच्या मामाने इंग्लंडहून मेकॅनोचा डबा पाठवला. पिवळ्या-निळ्या पट्ट्या, पितळी दंतचक्रं, इवलेसे नट-बोल्ट आणि एक पाना. आम्ही सात-आठ पोरं अंगणात गोल करून बसायचो. तो जोडायचा आणि आम्ही बघायचो. माझ्याकडे नट धरून ठेवण्याचं काम आलं होतं. चार दिवसांत त्याने क्रेन उभी केली. हँडल फिरवलं की दोरा गुंडाळला जाई आणि आकड्याला अडकवलेली काड्यापेटी वर चढे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझे वडील एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर दिवाणजी होते. असला डबा आपल्याला घेता येणार नाही हे मला कुणी सांगावं लागलं नाही. तरी मी तोंड पाडून बसलो असणार, कारण दोन दिवसांनी वडिलांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आणला. पत्र्याचं काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून त्यांनी बोटभर रुंदीच्या पट्ट्या करून घेतल्या होत्या. सायकलच्या दुकानातून छोटे नट-बोल्ट आणले. पाटावर पट्टी ठेवून खिळा आणि हातोडीने ते भोकं पाडायचे आणि माझी ताई पत्रा दोन्ही हातांनी दाबून धरायची. संध्याकाळपर्यंत वीसेक पट्ट्या तयार झाल्या. दिसायला अगदी डॉक्टरांच्या मुलाच्या डब्यासारख्या.

जोडायला बसलो आणि गाडं अडलं. दोन पट्ट्या जुळत, तिसरीही जुळे, चौथी लावायला गेलं की भोकासमोर भोक येत नसे. गव्हाच्या दाण्याएवढा फरक, पण बोल्ट काही आत जाईना. वडिलांनी तो ओढूनताणून बसवायचा प्रयत्न केला तेव्हा सगळा सांगाडाच वाकडा झाला.

त्यांनी नंतर काय केलं ते शेवटी सांगतो. मात्र तो फसलेला सांगाडा माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. मेकॅनो ज्याने शोधलं त्या माणसाविषयी मी गेली काही वर्षं जमेल तिथून वाचत आलो आहे. मी इंजिनिअर नाही, इतिहासाचा पदवीधरही नाही. फ्रँक हॉर्नबीही नव्हता, हे कळल्यावर मला जरा बळ आलं.

हिशेबनीस

हॉर्नबीचा जन्म १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात झाला. वडील किराणा मालाचे व्यापारी. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्याच धंद्यात रोखपाल म्हणून बसला. १८८७ साली क्लारा गॉडफ्रॉय नावाच्या शिक्षिकेशी त्याचं लग्न झालं. १८९९ मध्ये वडील वारले, धंदा बंद झाला आणि हॉर्नबीने डेव्हिड ह्यू एलियट या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीसाची नोकरी धरली. वय छत्तीस, घरात दोन मुलगे, रोलंड आणि डग्लस. अभियांत्रिकीचं शिक्षण शून्य.

लहानपणी त्याने सॅम्युएल स्माइल्स या लेखकाचं स्वावलंबनावरचं गाजलेलं पुस्तक वाचलं होतं. हलाखीतून वर आलेल्या संशोधकांच्या गोष्टी वाचून आपणही काहीतरी शोधावं, असं त्याने मनाशी घेतलं होतं. घरात एक छोटी कार्यशाळा होती. तिथे तो मुलांसाठी पत्रा कापून पूल, ट्रक आणि क्रेन बनवायचा. प्रत्येक खेळण्याला वेगळे भाग लागत. एक खेळणं मोडलं की त्याचे तुकडे दुसऱ्याच्या कामाचे नसत.

पुढे त्याने स्वतः सांगितलेली हकीकत अशी. नाताळच्या दिवसांत तो रेल्वेने लांबच्या प्रवासाला निघाला होता. खिडकीतून एक क्रेन दिसली आणि मुलांसाठी तशी कशी बनवता येईल याचा विचार सुरू झाला. प्रत्येक क्रेनसाठी वेगळे भाग कापण्याऐवजी सगळ्या पट्ट्या एकाच मापाच्या केल्या, त्यांना सारख्या अंतरावर भोकं पाडली आणि नट-बोल्टने जोडल्या तर? मग क्रेन सोडवून त्याच पट्ट्यांचा पूल करता येईल आणि पूल सोडवून गाडी. घरी आल्यावर त्याने तांब्याचा पत्रा कापून पट्ट्या केल्या. रुंदी अर्धा इंच, एका भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर अर्धा इंच.

जानेवारी १९०१ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. फीचे पाच पौंड त्याने मालकाकडून, म्हणजे एलियटकडून, उसने घेतले. पेटंटच्या शीर्षकात खेळण्याच्या बरोबरीने ‘शैक्षणिक साधन’ असा उल्लेख त्याने मुद्दाम केला. एलियटने शेजारची रिकामी जागा दिली आणि तो भागीदारही झाला. कचेरीत बसून दुसऱ्यांचे हिशेब लिहिणाऱ्या माणसाचा धंदा असा मालकाच्याच आसऱ्याने उभा राहिला.

एका अंतराची करामत

आपल्यापैकी बहुतेकांना मेकॅनो म्हटलं की पट्ट्या आणि नट-बोल्ट आठवतात. पण पट्टीत नवीन काय होतं? भोकं असलेल्या लोखंडी पट्ट्या कारखान्यांत आधीपासून होत्या. नट-बोल्ट तर जुनेच. हॉर्नबीचा खरा शोध म्हणजे दोन भोकांमधलं ठरलेलं, कधीही न बदलणारं अंतर. ते एकदा ठरलं की बाकीच्या गोष्टी आपोआप त्याच्यामागे येतात.

साधं उदाहरण घेऊ. चार पट्ट्यांचा चौकोन बोल्ट लावून जोडा आणि एका कोपऱ्याला बोटाने ढकला. तो लगेच तिरका होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण करा, कितीही ढकला, तो हलणार नाही. रेल्वेच्या पुलावर, विजेच्या मनोऱ्यावर त्रिकोणच त्रिकोण का दिसतात, हे मुलाला असं बोटांनी कळतं. मग मूल चौकोनाला कर्ण लावायला जातं आणि इथे गंमत होते. समान बाजूंच्या चौकोनाचा कर्ण कुठल्याच भोकावर बरोबर बसत नाही, कारण दोनचं वर्गमूळ पूर्णांकात येत नाही. पण भुजा ३, कोटी ४, कर्ण ५ अशा पट्ट्या घेतल्या तर तिन्ही बोल्ट सहज जातात आणि काटकोन नेमका मिळतो. पायथागोरसचं नाव न ऐकलेल्या मुलालाही तो पट्टीत सापडतो.

मात्र त्यात एक खोच आहे. पाच लांबीच्या पट्टीला भोकं सहा लागतात. भोकं मोजायची नाहीत, मधली अंतरं मोजायची. आमच्या अंगणातल्या त्या सुट्टीत हे पहिल्यांदा ताईच्या लक्षात आलं होतं. कुंपणाला खांब किती आणि मधल्या जागा किती, असं ती म्हणाली. मी मात्र पुढचे दोन दिवस भोकंच मोजत होतो.

दंतचक्रांचं गणित त्याहून सुंदर आहे. पट्टीवर भोकं अर्ध्या-अर्ध्या इंचावर असतात. म्हणजे दोन दांडे शेजारीशेजारी बसवायचे तर त्यांच्यातलं अंतर अर्धा, एक, दीड, दोन इंच असंच असू शकतं. अशा वेळी दंतचक्रांचे दाते एकमेकांत नीट बसले पाहिजेत. मेकॅनोच्या दंतचक्रांत एक इंच व्यासाला ३८ दाते हे प्रमाण धरलेलं आहे. त्यामुळे १९ दात्यांच्या छोट्या चक्राचा व्यास अर्धा इंच येतो आणि ५७ दात्यांच्या चक्राचा दीड इंच. दोघांच्या त्रिज्या पाव आणि पाऊण, बेरीज बरोबर एक इंच. म्हणजे मधलं एक भोक सोडून दांडे लावले की चक्रं जुळली आणि वेग तिप्पट कमी झाला. ९५ दात्यांचं चक्र घेतलं तर अंतर दीड इंच आणि वेग पाचपट कमी. १३३ दात्यांचं घेतलं तर दोन इंच आणि सातपट. दर खेपेला ३८ दाते वाढले की अंतर नेमकं अर्ध्या इंचाने वाढतं.

ही चक्रं एका दिवसात आली नाहीत. संच वाढत गेला तशी ती येत गेली. पण आलेला प्रत्येक भाग त्या पहिल्या अर्ध्या इंचाच्या हुकमात राहिला. सत्तर वर्षांनंतरची पट्टी आजोबांच्या पट्टीला जोडता यायची ती त्यामुळे. नातू आणि आजोबा एकाच खेळात असे क्वचितच भेटत असतील.

हिशेबाच्या वहीचंही असंच असतं. रकाने ठरलेले असले की वीस वर्षांपूर्वीची खतावणी आजच्या माणसाला वाचता येते. हॉर्नबीला कल्पना वहीवरून सुचली असं मी म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षं रकान्यांत आकडे भरणाऱ्या माणसाला शिस्तीचं मोल वेगळं सांगावं लागलं नसेल, एवढं नक्की वाटतं.

डब्यापासून कारखान्यापर्यंत

१९०२ साली पहिले संच बाजारात आले. नाव होतं ‘मेकॅनिक्स मेड ईझी’, म्हणजे यंत्रशास्त्र सोपं करून. डब्यात फक्त सोळा प्रकारचे भाग आणि बारा नमुन्यांची माहिती देणारं एक पत्रक. किंमत साडेसात शिलिंग. एका पौंडाचे वीस शिलिंग होत त्या काळात मजुराने आठवड्याच्या कमाईतून एवढे पैसे खेळण्यावर घालणं कठीणच होतं. पट्ट्या पातळ पत्र्याच्या, हाताला लागू नये म्हणून कडा दुमडलेल्या. १९०३ मध्ये दीडेक हजार संच विकले गेले, नफा मात्र झाला नाही.

दुकानदारांना हे खेळणं म्हणजे काय ते कळत नव्हतं. तयार आगगाडी किंवा बाहुली दाखवता येते, हा तर सुट्या पत्र्यांचा डबा. हॉर्नबीने एक शहाणपणाची गोष्ट केली. लिव्हरपूलच्या विद्यापीठात यांत्रिकीचे प्राध्यापक हेन्री हील-शॉ होते. त्यांच्याकडे तो संच घेऊन गेला आणि त्यांनी यंत्रशास्त्र शिकवायला हे उत्तम साधन आहे अशी शिफारस लिहून दिली. ज्याचं स्वतःचं शिक्षण सोळाव्या वर्षी थांबलं होतं त्याच्या खेळण्याला अशी विद्यापीठाची साक्ष मिळाली.

१९०६ मध्ये पहिल्यांदा थोडा नफा झाला. बाहेरून भाग बनवून घेणं पुरेनासं झालं तेव्हा १९०७ साली त्याने नोकरी सोडली आणि लिव्हरपूलच्या ड्यूक स्ट्रीटवर जागा भाड्याने घेऊन स्वतः उत्पादन सुरू केलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘मेकॅनो’ हे नाव नोंदवलं गेलं आणि १९०८ मध्ये कंपनी उभी राहिली. एलियट या नव्या कंपनीत आला नाही. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्याच बिन्स रोडवर मोठा कारखाना झाला. पुढची पासष्ट वर्षं मेकॅनोचा तोच पत्ता राहिला.

हॉर्नबी शोधक होता तसाच पक्का विक्रेताही होता. संचांना क्रमांक होते आणि दोन क्रमांकांच्या मध्ये जोडसंच असत. एक क्रमांकाच्या संचाला ‘१-अ’ जोडला की दोन क्रमांकाचा संच तयार. म्हणजे वाढदिवसाला एक आणि नाताळला पुढचा, अशी शिडीच. १९१६ मध्ये ‘मेकॅनो मॅगझिन’ सुरू झालं. त्यात नमुन्यांबरोबर पूल, जहाजं, बोगदे, विमानं यांवर लेख येत. १९२० पासून त्याच्या नावाच्या खेळण्यातल्या आगगाड्या निघाल्या. त्यानंतर तीसच्या दशकात डिंकी नावाच्या छोट्या मोटारी आल्या, ज्या आपल्याकडच्या शोकेसांतही पोहोचल्या. १९३१ मध्ये लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून तो हुजूर पक्षातर्फे संसदेवर निवडून गेला आणि १९३५ पर्यंत खासदार राहिला. २१ सप्टेंबर १९३६ रोजी तो वारला. वय त्र्याहत्तर.

खेळण्यातून यंत्र

मेकॅनोने किती इंजिनिअर घडवले हे मोजायचं कुठलंही माप नाही. पण या खेळण्याने थेट विज्ञानाचं काम केलं अशी उदाहरणं आहेत. मला त्यातली दोन फार आवडतात.

पहिलं मँचेस्टरचं. १९३३ मध्ये तिथले प्राध्यापक डग्लस हार्ट्री अमेरिकेत गेले होते. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत व्हॅनेव्हर बुश यांनी विकलनाची समीकरणं सोडवणारं खोलीभर पसरलेलं यंत्र बनवलं होतं, ते त्यांनी पाहिलं. चित्रं पाहताना हार्ट्रींना वाटलं, हे तर कुणीतरी मेकॅनोने जोडल्यासारखं दिसतंय. परत आल्यावर आर्थर पोर्टर या विद्यार्थ्याला घेऊन १९३४ मध्ये त्यांनी खरोखरच मेकॅनोचं यंत्र उभं केलं. खर्च सुमारे वीस पौंड.

त्याचं तत्त्व समजायला सोपं आहे. ग्रामोफोनची तबकडी फिरते आहे असं समजा. तिच्यावर एक छोटं चाक उभं टेकवा. चाक मध्याजवळ असेल तर हळू फिरेल, कडेकडे सरकवलं तर भराभर फिरेल. चाकाची जागा म्हणजे एखाद्या राशीची त्या क्षणाची किंमत मानली, तर चाकाने एकूण किती फेरे घेतले ते म्हणजे त्या किमतींची साठत गेलेली बेरीज. महाविद्यालयात ज्याला आपण संकलन म्हणतो ते चाक आपल्या फिरण्यानेच करतं. अशी अनेक चाकं दांड्यांनी आणि दंतचक्रांनी एकमेकांना जोडली की समीकरण तयार. हार्ट्रींच्या यंत्राची उत्तरं साधारण दोन टक्क्यांच्या आत बरोबर येत आणि अणूंच्या रचनेविषयीच्या त्यांच्या कामाला तेवढं पुरे होतं. ते यंत्र चाललं म्हणून मँचेस्टरला मोठं, पूर्ण आकाराचं यंत्र उभारायला पैसे मिळाले.

दुसरं उदाहरण प्रागचं. मेकॅनोचं लोण युरोपभर पसरलं होतं आणि चेकोस्लोव्हाकियात मेर्कूर नावाचा तसाच धातूचा संच निघाला होता. त्याच्या भोकांमधलं अंतर मात्र दहा मिलिमीटर. ओटो विख्तेर्ले हे रसायनशास्त्रज्ञ पाणी शोषणाऱ्या मऊ प्लास्टिकपासून डोळ्यांत घालायची भिंगं करू पाहत होते. सरकारने ते काम थांबवलं होतं. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरीच मुलांच्या मेर्कूरचे भाग, सायकलचा डायनामो आणि घंटीचा ट्रान्सफॉर्मर घेऊन एक यंत्र जोडलं. फिरत्या साच्यात द्रव टाकायचा, फिरण्याच्या जोराने तो कडेकडे पसरतो आणि भिंगाचा बाक घेतो. त्या दिवशी चार भिंगं तयार झाली. आज जगभर लाखो लोक मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात, त्यांचा उगम या स्वयंपाकघरातल्या यंत्रात आहे.

दोन्ही गोष्टींत मला एकच सूत्र दिसतं. खेळण्यामुळे चुकायची किंमत स्वस्त झाली. हार्ट्री फसले असते तर वीस पौंड गेले असते. विख्तेर्ले फसले असते तर पट्ट्या सोडवून परत मुलांच्या डब्यात गेल्या असत्या. कारखान्यात भाग कातून घेतले असते तर चुकायच्या आधी दहा सह्या लागल्या असत्या.

डब्याबाहेरची मुलं

इथवर लिहिलेलं वाचून हॉर्नबीची आरती ओवाळतोय असं वाटेल. तसं करून चालणार नाही. मेकॅनोच्या जाहिराती, खोक्यांवरची चित्रं, मासिकातला मजकूर, सगळं मुलग्यांना उद्देशून होतं. खोक्यावर वडील आणि मुलगा, बहीण कुठेच नाही. माझ्या ताईने कधी मेकॅनोचा खराखुरा डबा हातात घेतला नाही, पण खांब आणि मधल्या जागा यांतला फरक तिलाच आधी कळला होता. पुढे तिने शिवणाचा क्लास चालवला. शिलाई मशीन बिघडलं तर ती मेकॅनिक बोलावत नाही, स्वतः उघडून बसते.

दुसरी गोष्ट पैशाची. ज्या शिडीने धंदा वाढला, त्याच शिडीची खालची पायरी बहुतेक मुलांच्या हाताला लागत नव्हती. लिव्हरपूल हे तेव्हा मोठं बंदर, गोदीतल्या हमालांचं शहर. क्रेन त्या हमालांच्या मुलांच्या रोजच्या नजरेसमोर होती, तिचं खेळणं मात्र बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं.

तिसरी गोष्ट जरा आतली. पत्रकात जसं दिलंय तसंच जोडायचं, चित्र आणि आपलं काम तंतोतंत जुळलं की संपलं, अशीही सवय या खेळाने लागू शकते. संच जितका मोठा, तितका पत्रकाचा धाक मोठा. कमी भाग असलेल्या मुलाला जुगाड करावाच लागतो.

हॉर्नबीनंतर कंपनी तीसेक वर्षं चालली, पण पुढे प्लास्टिकची खेळणी आली, दूरचित्रवाणी आली. १९६४ मध्ये लाइन्स ब्रदर्स या खेळण्यांच्या कंपनीने मेकॅनो विकत घेतली. १९७१ मध्ये लाइन्स ब्रदर्सच बुडाली आणि मेकॅनो एअरफिक्सकडे गेली. ३० नोव्हेंबर १९७९ रोजी बिन्स रोडचा कारखाना जवळपास काहीही पूर्वसूचना न देता बंद करण्यात आला. नऊशेच्या आसपास माणसं एका दिवसात बेकार झाली. कामगार कारखाना ताब्यात घेऊन आत बसून राहिले, पण कारखाना पुन्हा सुरू झाला नाही. आमच्या गल्लीत डबा आला त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात हे घडलं. गिरण्यांचे भोंगे बंद पडलेले पाहिलेल्या माणसाला त्या बातमीत काय असेल ते वेगळं सांगायला नको.

फ्रान्समध्ये कॅले इथे मेकॅनोचा कारखाना त्यानंतरही बरीच वर्षं चालला. २०२३ मध्ये तोही बंद करण्याचं मालक कंपनीने जाहीर केलं.

काड्यांचं मेकॅनो

पण गोष्ट कॅलेला संपत नाही. तिचा एक धागा पुण्याकडे येतो.

अरविंद गुप्ता कानपूरच्या आयआयटीतून १९७५ मध्ये इंजिनिअर झाले आणि पुण्यात टेल्कोत ट्रक बनवण्याच्या कामाला लागले. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. गावच्या शाळांत प्रयोगाचं सामान नव्हतं. आठवड्याच्या बाजारात मात्र दोन गोष्टी हमखास मिळत, काड्यापेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे. काड्यांचा गूल खरवडून काढायचा आणि नळीच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी सरकवायची. झाला सांधा. सुईने किंवा बाभळीच्या काट्याने नळीच्या मध्ये आरपार भोक पाडून तिसरी काडी खुपसली की तीन काड्यांचा सांधा. याला त्यांनी नावच दिलं काड्यांचं मेकॅनो.

तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. लिव्हरपूलच्या डब्यातला पहिला धडा जसाच्या तसा, फक्त पत्र्याऐवजी काडी आणि बोल्टऐवजी रबर. समान अंतर इथेही आहे, कारण पेटीतल्या सगळ्या काड्या सारख्या लांबीच्या असतात. ते माप कुणाला ठरवावं लागलं नाही, ते बाजारात आयतंच पडून होतं. गुप्ता पुढे पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं होते, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या खेळण्यांवर पेटंट घेतलं नाही, उलट पुस्तकं सगळ्यांना मोफत वाचायला खुली करून ठेवली.

हॉर्नबीने उसन्या पाच पौंडांत पेटंट घेतलं आणि त्यातून कारखाना उभा केला. गुप्तांनी पेटंट घेतलंच नाही आणि कारखान्याची गरजही ठेवली नाही. या दोघांत डावं-उजवं करायची माझी इच्छा नाही. धातूची पट्टी काडीपेक्षा जड ओझं उचलते, दंतचक्र काडीचं होत नाही आणि हार्ट्रींचं यंत्र रबरी नळीने चाललं नसतं. पण डब्याबाहेर राहिलेल्या मुलांपर्यंत पोहोचायचं तर वाट काड्यापेटीचीच होती.

आता वडिलांच्या पट्ट्यांचं सांगतो.

सांगाडा वाकडा झाला त्या रात्री जेवणं झाल्यावर वडील पुन्हा पाटावर बसले. पेढीवरून आणलेल्या रद्द खतावणीचं एक पान त्यांनी फाडलं. त्यावर आडव्या रेघा छापलेल्या होत्या. त्या पानाच्या लांबट चिंध्या कापून त्यांनी प्रत्येक पट्टीवर खळीने चिकटवल्या आणि दर रेघेवर खिळा ठोकला. ताईने पत्रा धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला जुळत होती. क्रेन झाली. डॉक्टरांच्या मुलाच्या क्रेनपेक्षा ती बुटकी होती आणि तिच्या कडांनी बोटं कापायची, पण काड्यापेटी वर चढली.

वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत त्यातल्या अकरा पट्ट्या सापडल्या. काहींवर अजून कागदाचे तुकडे आहेत, एकीवर जमेच्या बाजूचा एक आकडाही वाचता येतो. पुण्याच्या जुन्या बाजारात मला पुढे मेकॅनोची एक हिरवी पट्टी मिळाली. ती मी वडिलांच्या पट्टीवर ठेवून पाहिली. पहिलं भोक पहिल्यावर बसलं, दुसरं सरकलं, तिसरं पार चुकलं. खतावणीच्या रेघा अर्ध्या इंचाच्या नव्हत्या. मग वडिलांच्याच दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या आणि उजेडासमोर धरल्या. सगळ्या भोकांतून उजेड आला.